सहा नवे बीकर, आठ केक

शाळेच्या प्रयोगशाळेत एकोणतीस वर्षं काचेची भांडी धुणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे लख्खकाका म्हणत. कुठलंही भांडं धुऊन झालं की ते उजेडासमोर धरायचं, एक डोळा बारीक करायचा आणि म्हणायचं, "लख्ख." नुसतं 'झालं' म्हणून त्यांचं कधी भागलं नाही. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका मुलीने त्यांची नक्कल केली आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. हजेरीपुस्तक सोडलं तर त्यांचं खरं नाव कुठे उरलंच नव्हतं.

वरवर ते कुरकुरत, पण मनातून त्यांना या नावाचा भारी अभिमान होता. आधी नळाचं पाणी, मग ब्रश आणि पावडर, डाग हट्टी असेल तर सौम्य आम्ल, मग तीन पाणी आणि शेवटी शुद्ध केलेलं पाणी. स्वच्छ काचेवरून पाणी सलग ओघळतं. एखादा थेंब जरी अडून राहिला, तरी काका ते भांडं पुन्हा पहिल्यापासून धुवायला घेत. इतक्या वर्षांत आपल्या हातून एकही बीकर फुटला नाही, हे ते प्रत्येक नव्या शिक्षकाला पहिल्याच दिवशी ऐकवत. त्याने विचारलेलं नसे, तरी.

दोन बाबतींत तर ते कुणाच्या बापाचं ऐकत नसत. एक म्हणजे प्रयोगशाळेच्या भांड्यात खाणंपिणं. 'येथे खाण्यापिण्यास सक्त मनाई' ही दारावरची पाटी त्यांच्याच अक्षरातली. एकदा तहानेने जीव गेलेल्या एका पोराने बीकरमधून पाणी प्यायलं, तर काकांनी त्याला अख्खा तास दारात उभं करून ती पाटी मोठ्याने वाचायला लावली होती. दुसरी गोष्ट विषारी क्षारांची. शिशाचे किंवा पाऱ्याचे क्षार ज्या बीकरमध्ये एकदा गेले, त्याच्या तळावर काका कानशीने दोन बारीक रेघा ओढत आणि तो बीकर कायमचा कपाटाच्या सगळ्यात खालच्या फळीवर जाई.

अशा माणसाच्या हातून जे झालं, ते म्हणून सांगायचं.

काकांची मुलगी एका बेकरीत दोन वर्षं पाव भाजून कंटाळली होती. तिला स्वतःचे केक करायचे होते. बेकरी सोडायचं पत्र लिहून तिने उशीखाली ठेवलं होतं, पण द्यायचा धीर होत नव्हता. तेवढ्यात शाळेच्या मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, निवृत्त व्हायच्या होत्या. त्यांच्यासाठी शनिवारी दुपारी शिक्षकांच्या खोलीत छोटंसं जेवण ठरलं. काकांनी शब्द टाकला, बाईंनी तो ठेवला आणि मुलीला पहिली ऑर्डर मिळाली. सहा जणांसाठी सहा लाव्हा केक. लाव्हा केक म्हणजे बाहेरून साधा दिसणारा, चमचा घातला की आतून गरम पातळ चॉकलेट वाहत येतं तो. प्रत्येकाला आपापला वेगळा.

"हे जमलं ना बाबा, तर सोमवारी पत्र देऊन टाकते," मुलगी म्हणाली. "नाही जमलं तर आहेच आपला पाव."

जमायला अडचण काहीच नव्हती, फक्त भांड्यांची होती. या केकची सगळी मदार भांड्यावर असते. चिनी मातीच्या सरळ कडेच्या छोट्या वाट्या मिळतात, त्यांना रॅमेकिन म्हणतात. तिच्याकडे त्या दोनच होत्या. दुकानात होत्या त्या एवढ्या मोठ्या की एकात दोघांचं पोट भरावं. मागवल्या असत्या तर दहा दिवस, आणि शनिवार पाच दिवसांवर.

"घरात भांड्यांचा काय दुष्काळ पडलाय का?" काकू शिलाई मशीनवरून म्हणाल्या. "स्टीलच्या वाट्या आहेत की ढीगभर."

मग सोमवारी संध्याकाळी वाट्या झाल्या. काकांनी वही काढली. भांडं, जाडी, वेळ, निरीक्षण, निष्कर्ष असे रकाने आखले आणि हातात घड्याळ घेऊन ओव्हनसमोर स्टूल टाकून बसले. वाट्या दिसायला सारख्या, पण निघाल्या तीन वेगवेगळ्या संचांतल्या. पातळ वाटीतला कडेने करपला. पसरट वाटीतला आतपर्यंत शिजून भाकरीसारखा घट्ट झाला. खोलगट वाटीत मात्र चॉकलेट छान वाहिलं, पण तसली वाटी घरात एकच.

"निष्कर्ष?" मुलीने विचारलं.

"वाट्या बाद," काका गंभीरपणे म्हणाले आणि तसं लिहिलं.

मंगळवारी चहाचे कप. जाड कपांना तापायलाच इतका वेळ लागला की बाकीचे होईपर्यंत त्यांतलं पीठ थंडच. एकाने तर आत टच्चकन आवाज करून कानच सोडला. तो नेमका काकूंच्या माहेरचा कप होता. त्या दिवशी घरात केकपेक्षा कपाचीच चर्चा जास्त झाली. बुधवारी शेजारणीकडून मफिनचा ट्रे आणला. सहा खळगे, सगळे एकसारखे, काकांचा चेहरा खुलला. पण केक ताटात काढायचे तर अख्खा ट्रे एका दमात उलटा करायचा. मुलीने श्वास रोखून उलटा केला. दोन केक शहाण्यासारखे उतरले. चार जणांनी पोटातलं सगळं ट्रेवरच ओतलं.

मुलगी जमिनीवरच बसली. तिच्या गालाला चॉकलेट लागलं होतं आणि डोळ्यांत पाणी होतं.

"माझ्याच्याने होणार नाही," ती म्हणाली. "उद्या बाईंना सांगा, दुसरीकडून मागवा म्हणावं."

काका त्या मफिनच्या ट्रेकडे बघत राहिले, आणि त्यांच्या डोक्यात आलं की सरळ कडेची, एका मापाची, भट्टीचा ताव सोसणारी भांडी तर आपण रोज धुतो. शिवाय काचेची. केक कडेने जमला का, मधे अजून हलतोय का, हे बाहेरून डोळ्यांनी दिसणार. उलटं करायलाच नको, तसाच चमचा घालून खायचा.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रसायनच्या बाईंना विचारलं. बाई आधी हसल्या, मग थोड्या विचारात पडल्या.

"आपल्याकडे सहा बीकरांचं एक खोकं आलंय, अजून उघडलेलं नाही. ते न्या. पण नवेच हं, काका. आणि एकदा खाण्याला वापरले की ते परत लॅबमध्ये आणायचे नाहीत."

"बाई, हे तुम्ही मला सांगताय?" काका म्हणाले. त्यांना थोडा रागच आला होता.

गुरुवारी पहिला केक झाला. अकरा मिनिटं. लोणी लावलेल्या काचेतून कडेचा तपकिरी पट्टा वर चढताना दिसत होता आणि मधला भाग हलक्या हाताने हलवलं की थरथरत होता. चमचा घातला, चॉकलेट वाहिलं. काकूंनीसुद्धा कपाचं दुःख विसरून अर्धा केक संपवला. काकांनी वहीत 'लख्ख' असं लिहून खाली रेघ ओढली.

शुक्रवारी दुपारी मोठ्या बाईंनी काकांना बोलावलं. "ग्रंथपालांना विसरलोच होतो आपण. आणि तुमच्या मुलीने नुसतं करून द्यायचं नाही हं, आमच्यात बसून खायचं. आठ करा."

सहा बीकर आणि आठ केक. तिच्याकडच्या दोन रॅमेकिन होत्या, तशी सोय झाली असती. पण टेबलावर सहा काचेचे आणि दोन चिनी मातीचे, हे काकांच्या डोळ्यांना खपलं नसतं. प्रयोगशाळेत कुणी नव्हतं. वरच्या फळीच्या टोकाला त्याच मापाचे दोन बीकर होते. ते त्यांनी काढले, आम्लाने धुतले, तीन पाणी, मग शुद्ध पाणी. उजेडासमोर धरले. एक थेंब अडला नाही. वरची फळी, म्हणजे साधे क्षार, साखर, मीठ. तळ उलटून बघायची गरज त्यांना वाटली नाही, कारण त्या कपाटाला त्यांच्याशिवाय कुणाचा हात लागत नव्हता.

घरी मुलीने आठ बीकर मोजले. "सगळे नवेच ना, बाबा?"

"नवेच."

एवढं बोलायला काही लागलं नाही. खरं सांगितलं असतं तर समजावत बसावं लागलं असतं, तिने नाक मुरडलं असतं, आणि माझ्या धुण्यावर विश्वास नाही का, हे विचारावं लागलं असतं. म्हणून 'नवेच'.

शनिवारी गृहविज्ञानाच्या खोलीतल्या ओव्हनमध्ये मुलीने केक लावले. शेजारीच शिक्षकांची खोली. जेवणं आटोपत आली होती. अकराव्या मिनिटाला तिने ओव्हन उघडला आणि काकांनी आठ बीकरांचा ट्रे खोलीत नेला, तसा टाळ्यांचा आवाज झाला. शाळेत केक, आणि तोही बीकरमध्ये! मोठ्या बाई तर अगदी हरखून गेल्या. मुलीला त्यांनी आपल्या शेजारी बसवलं. काकांनाही बसा म्हणाल्या, पण काका म्हणाले, वाढायला कुणीतरी हवं. छाती अशी फुगली होती की बसताच आलं नसतं.

गणिताच्या सरांना प्रत्येक गोष्टीचा विनोद करायची खोड. सगळ्यांनी चमचे घातले तरी यांचं आपलं चालूच. "थांबा, आधी माप घेऊ द्या. किती मिलीलीटर केक दिलाय मला?" असं म्हणत त्यांनी बीकर रुमालात धरून डोक्याच्या वर, खिडकीच्या उजेडात उचलला.

तळावर दोन रेघा होत्या.

काकांना त्याच क्षणी सगळं आठवलं. पंधरा दिवसांपूर्वी खालची फळी वाकली होती. सुतार येणार म्हणून तिच्यावरचे बीकर त्यांनी स्वतःच्या हाताने वरच्या फळीच्या टोकाला ठेवले होते, दोन दिवसांपुरते. सुतार आला नाही. बाकीचे त्यांनी हळूहळू खाली नेले, आणि हे दोन तिथेच राहून गेले. शिशाचे.

सरांनी बीकर खाली घेतला, चमचा उचलला. काका पाण्याचा जग घेऊन पुढे झाले आणि त्यांचा कोपर सरांच्या हाताला लागला. लागला म्हणजे लावला. बीकर जमिनीवर पडून फुटला. आणि खोलीत हसण्याचा स्फोट झाला.

"लख्खकाकांच्या हातून!"

"एकोणतीस वर्षांत पहिला!"

"काका, नोंद करा वहीत!"

काका ओशाळं हसले. या हसण्याने त्यांना बरंच वाटलं. लोक वेंधळा म्हणतील, म्हणू देत. केरसुणी आणि सुपली घेऊन ते काचा भरायला खाली बसले, आणि खाली बसल्यावर त्यांना आठवलं की बीकर दोन होते.

आता वरून काही दिसण्यासारखं नव्हतं. पण खाली बसलेल्या माणसाला, कुणी बीकर उचलला की त्याचा तळ दिसत होता. काका काचा वेचत होते आणि वर बघत होते. मोठ्या बाईंनी बीकर उचलला. तळ कोरा. रसायनच्या बाई, कोरा. ग्रंथपालांनी कडेला लागलेलं खरवडायला बीकर तिरका केला, कोरा. मग त्यांच्या मुलीने आपला उचलला.

दोन रेघा होत्या.

तिचा केक अर्धा संपला होता. आणि इथे काकांच्या मनात जे आलं, ते त्यांनी नंतर किती वेळा पुसायचा प्रयत्न केला, पण गेलं नाही. त्यांच्या मनात आलं, 'बरं झालं. घरातलीच आहे.' भीतीच्या आधी हे आलं. आता कुणाला सांगायला नको, संध्याकाळी घरी काहीतरी बघू, डॉक्टरला विचारू, शाळेत कुणाला कळणार नाही. त्यांना चक्क हायसं वाटलं.

मुलीची नजर खाली गेली. बाप आपल्याकडेच बघतोय हे पाहून ती हसली, चमचा किंचित वर करून छान झालाय अशी मान हलवली, आणि पुढचा घास घेतला. काकांनी मान खाली घातली आणि काचा भरत राहिले. तिने आणखी एक घास घेतला. तोही त्यांनी घेऊ दिला.

"पण सरांना केकच मिळाला नाही," मोठ्या बाई म्हणाल्या.

"अहो सर, माझ्यातला घ्या की," मुलगी म्हणाली. "ही बाजू उष्टी नाही केलेली." आणि तिने आपला बीकर टेबलावरून सरांपुढे सरकवला. सरांनी चमचा घातला.

"नको!"

काका ओरडले. सुपलीतल्या काचा पुन्हा जमिनीवर सांडल्या. सगळे त्यांच्याकडे बघत होते. आता पाण्याचा जगही हातात नव्हता आणि कोपरही पोहोचत नव्हता.

"खाऊ नका, सर. तो बीकर नवा नाही. फुटला तोही नव्हता. लॅबच्या कपाटातले आहेत दोन्ही. खालच्या फळीचे."

बाकीच्यांना काही कळलं नाही. रसायनच्या बाईंना कळलं. त्यांनी सरांपुढचा बीकर उचलला, उलटा करून बघितला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "शिसं की पारा?"

"शिसं."

"कसे धुतले होते?"

काकांनी सांगितलं. आम्ल, तीन पाणी, शुद्ध पाणी. एरवी हे ते ऐटीत सांगायचे. आज वर्गात चुकीचं उत्तर देणाऱ्या पोरासारखं जमिनीकडे बघत सांगितलं.

बाईंनी सुस्कारा सोडला. "काच शोषून घेत नाही. इतकं धुतल्यावर काही राहिलं नसणार. बेटा, घाबरू नकोस, तुला काही होणार नाही. तरी डॉक्टरांच्या कानावर घालून ठेव." मग त्या काकांकडे वळल्या. रागावल्या असत्या तर चाललं असतं. त्या नुसतं म्हणाल्या, "काका, तुम्ही?"

मोठ्या बाईंनी चमचा खाली ठेवला. त्यांचा बीकर नवा होता, तसं काकांनी सांगितलंही. त्या म्हणाल्या, "हो हो, तसं काही नाही, पोटच भरलं." मग ग्रंथपालांनी चमचा ठेवला, मग बाकीच्यांनी. कुणी वाईट बोललं नाही. गणिताच्या सरांनासुद्धा काही विनोद सुचला नाही. निरोपाचं जेवण होतं ते, आणि बाईंनी भाषणही केलं नाही. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते काकांना त्या दिवशी कळलं. तोंड लपवायला जागा हवी म्हणून ते पुन्हा काचा वेचायला बसले आणि त्या खोलीत एकही काच उरली नव्हती तरी बराच वेळ वेचत राहिले.

मुलीने टेबल आवरलं. सात बीकर धुतले नाहीत, तसेच पिशवीत भरले. जाताना तिने प्रत्येकाला नमस्कार केला. मोठ्या बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, पण पुढच्या केकचं कुणी काही बोललं नाही. पत्र सोमवारी जाणार नव्हतं, एवढं तर स्पष्टच होतं.

रस्त्यात उन्हं तिरपी झाली होती. दोघं बराच वेळ चालले. काका पिशवी मागत होते, ती देत नव्हती.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही खाली बसला होतात तेव्हा माझ्याकडे बघत होतात ना?"

काकांनी पिशवीकडे पुन्हा हात नेला.

"मला वाटलं, केक मला आवडला की नाही ते बघताय. म्हणून मी हसले. तेव्हा रेघा दिसल्या होत्या तुम्हाला?"

नाही म्हणता आलं असतं. नंतर दिसल्या, सरांपुढे सरकवलास तेव्हा दिसल्या, असं सांगता आलं असतं. ते उत्तर त्यांच्या जिभेवर तयारच होतं. कालच्या 'नवेच'सारखंच सोपं.

"दिसल्या होत्या," काका म्हणाले.

ती चालत राहिली. काकांना वाटलं, आता ही रस्त्यात ओरडेल. ओरडावं. चार लोकांनी थांबून बघावं. पण तिने फक्त पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि पुढे पाहत विचार करत राहिली. मग तिने बापाची समजूत घालायला, मनापासून म्हटलं, "बरं झालं मीच होते. मोठ्या बाईंच्या हातात असता तर तुमची नोकरीच गेली असती."

तिरकस बोलणं तिच्या स्वभावातच नव्हतं. काका चालता चालता थांबले. तेच 'बरं झालं' त्यांनी खाली बसून मनात म्हटलं होतं, आणि आता तिच्या तोंडून ऐकताना त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की तिच्याकडे मान वर करून बघवेना. ती विष खात असताना आपल्याला हायसं वाटलं होतं, हे तिला सांगायला हवं होतं. ते त्यांच्याच्याने झालं नाही.

"चला ना," ती मागे वळून म्हणाली. "आणि आईला मीच सांगते. माझीच चूक झाली म्हणते. तुम्ही काही बोलू नका."

काका काही बोलले नाहीत. ते तिच्या मागोमाग घरी गेले.